नीम (दक्षिण फ्रान्स): रोमन दगड, फॉस्टरची काच आणि मुक्कामाची शिफारस

उंबरठा

फ्रान्सच्या दक्षिणेला जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत नीस असतं, आविन्यों असतं, लॅव्हेंडरची शेतं तर असतातच. नीमचं नाव सहसा नसतं. आलंच तर "आविन्योंहून अर्धा दिवस काढा, पाँ दु गार हा रोमन पूल बघा, परत या" एवढंच. हा धागा त्या अर्ध्या दिवसाच्या विरोधात आहे. नीमला किमान दोन रात्री राहा, असं माझं मत आहे आणि त्याची कारणं खाली देतो.

पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून टीजीव्ही या वेगवान गाडीने साधारण तीन तासांत नीम येतं. स्टेशन कमानींवर उचललेलं आहे, त्यामुळे फलाटावरून खाली उतरायचं. बाहेर पडलं की समोर झाडांची सरळ लांब रांग असलेला रस्ता, तो संपतो तिथे शिल्पकार प्रादियेचं संगमरवरी कारंजं, आणि त्याच्या पलीकडे थेट रोमन रंगमंडळ. चालत दहा मिनिटं. गावातलं बाकी सगळंही याच हिशेबात, पायी.

रंगमंडळ म्हणजे आरेन. पहिल्या शतकाच्या अखेरचं. १३३ मीटर लांब, १०१ मीटर रुंद, दोन मजले, प्रत्येक मजल्यावर ६० कमानी. रोमच्या कलोसियमपेक्षा लहान, पण इतकं धडधाकट दुसरं क्वचितच सापडेल. कलोसियमचा बाहेरचा निम्मा घेर ढासळलाय, इथे घेर पूर्ण आहे. सगळ्यात वरच्या कडेवर जाऊन बसा. तिथे दगडात आरपार भोकं पाडलेले ब्रॅकेट दिसतात. त्यात खांब रोवून प्रेक्षकांवर कापडाचं छत ताणत असत. खालच्या बोळांतून लोक वर कसे चढायचे आणि खेळ संपल्यावर कसे पांगायचे, हे आपण स्वतः चढता-उतरताना आपोआप कळतं. गर्दी हाताळायचा हा नकाशा आजच्या स्टेडियमवाल्यांनीही तसाच उचललाय.

मला सगळ्यात भावला तो मधला काळ. रोमन गेले आणि या वर्तुळात एक अख्खं गाव वसलं. आधी विसिगॉथ टोळीवाल्यांनी त्याचा किल्ला केला, मग आत घरं, गल्ल्या, दोन चर्चं. अठराव्या शतकातही सातशेच्या आसपास माणसं आत राहत होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती हलवली आणि आतलं सगळं मोकळं केलं. पुरातत्त्ववाल्यांना बरं वाटलं असेल, मला मात्र त्यातली एखादी गल्ली ठेवायला हवी होती असं वाटत राहिलं.

तिथून पाच-सात मिनिटांवर मेझों कारे. सम्राट ऑगस्टसने गाइयस आणि लुसियस या दोन नातवांना दत्तक घेतलं होतं, त्यांच्या नावाने इ.स.च्या पहिल्या दशकात बांधलेलं हे मंदिर. दोन्ही पोरं तरुणपणीच गेली. दर्शनी पट्टीवर ब्राँझची अक्षरं ठोकलेली होती, ती कधीचीच चोरीला गेली. उरली फक्त खिळ्यांची भोकं. १७५८ साली सेग्यिए नावाच्या स्थानिक विद्वानाने त्या भोकांच्या जागांवरून मूळ लेख लावून दाखवला. चौकात उभं राहून मान वर केली की ती भोकं आजही दिसतात, दुर्बीण असेल तर न्याच. इमारत टिकली कारण ती कधी रिकामी पडली नाही. कधी सभागृह, कधी तबेला, कधी चर्च, कधी दप्तरखाना, कधी संग्रहालय. थॉमस जेफरसन हिच्यावर इतका लट्टू झाला की व्हर्जिनियाच्या कॅपिटॉलसाठी, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीसाठी, हाच नमुना घेतला. २०२३ च्या सप्टेंबरात युनेस्कोच्या यादीत नाव लागलं.

आणि आता गंमत. या मंदिराच्या बरोबर समोर, मध्ये फक्त चौक, ब्रिटिश आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरचं कारे दार उभं आहे. १९९३ ला उघडलेलं. काच, काँक्रीट, आणि पुढे पाच सडपातळ पोलादी खांब. वाचनालय आणि समकालीन कलेचं संग्रहालय एकाच छताखाली. नऊ मजले, पण निम्मे जमिनीखाली ढकललेत, म्हणून शेजारच्या छपरांच्या वर डोकं काढत नाही. वरच्या मजल्यावर खाण्याची जागा आहे. तिथल्या गच्चीतून मेझों कारे समोरून आणि किंचित वरून दिसते, तसा कोन गावात दुसरीकडे नाही. संध्याकाळी चौकात बसलो तर मंदिराच्या पायऱ्यांवर कॉलेजची पोरं, कारे दारमधून पुस्तकं घेऊन बाहेर पडणारी आजी, आणि काचेत हलणारे कोरिंथियन खांब.

बाकीचं प्रतिसादांत येईलच. विचारा.

चिवडेवाली

वा! वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. एक, शाकाहारी माणसाचे हाल होतात का? दोन, जूनमध्ये जावं का? मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच.

उंबरठा

@चिवडेवाली, हाल नाहीत, पण डोळे उघडे ठेवायचे. गावची खासियत ब्रँदाद, म्हणजे खारवलेला कॉड मासा ऑलिव्ह तेलात घोटून केलेलं मऊ पांढरं प्रकरण. ते तुमच्या कामाचं नाही (माझ्या फार कामाचं होतं). ‘ले हाल’ या झाकलेल्या बाजारात पिशोलीन जातीचे हिरवे ऑलिव्ह, चीज, फळं, पाव असं मनसोक्त मिळतं. बेकरीतल्या फुगास नावाच्या जाळीदार पावापासून सावध, त्यात बऱ्याचदा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. विचारूनच घ्या. गोड हवं असेल तर क्रोकां व्हियारे, बदामाचं लांबट बिस्किट, १७७५ पासून करतायत. दाताला कसोटी आहे, आजीसाठी घेऊ नका.

जूनबद्दल: शक्य असेल तर टाळा. २८ जून २०१९ ला याच पट्ट्यात ४६ अंश नोंदले गेले, फ्रान्सचा आजवरचा उच्चांक. विदर्भातल्या वाचकांना हसू येईल, पण तिथल्या जुन्या हॉटेलांत एसी असेलच असं नाही. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर अखेर उत्तम.

दगडफोड्या

धंद्याने आर्किटेक्ट, म्हणून राहवत नाही. कारे दारबद्दल एक महत्त्वाची गोष्ट राहिली. फॉस्टरने नुसती इमारत नाही केली, समोरचा चौकही हातात घेतला. मेझों कारेच्या भोवती रेलिंग होतं, गाड्या लागायच्या, जाहिरातींचे फलक होते. ते सगळं काढून सलग फरसबंदी केली. म्हणजे नवी इमारत आल्याने जुनी आधीपेक्षा नीट दिसायला लागली. याचं श्रेय तेव्हाचे महापौर जाँ बूस्के यांनाही द्यायला हवं. हे गृहस्थ ‘काशारेल’ या कपड्यांच्या ब्रँडचे संस्थापक. १९८३ ते ९५ या काळात त्यांनी जगभरचे डिझायनर गावात आणले. फिलिप स्टार्कने बसथांबा केला आणि गावाच्या मगरीच्या चिन्हाला नवं रूप दिलं, कुरोकावाने कार्यालयांची अर्धवर्तुळाकार इमारत केली, ग्रेगोत्तीने स्टेडियम.

आणि फ्रेंच आर्किटेक्ट जाँ नुवेलचं नेमोसस! १९८७ चं, ११४ घरांचं सरकारी भाड्याचं गृहसंकुल. स्टेशनच्या दक्षिणेला, पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. दोन लांब धातूची जहाजं शेजारी शेजारी लावल्यासारखी, मध्ये जुन्या चिनार झाडांची ओळ तशीच राखलेली. आत कच्चं काँक्रीट, जिने बाहेर, गॅलऱ्या इतक्या रुंद की सायकल चालवावी. नुवेलचं म्हणणं साधं होतं: साहित्य स्वस्त वापरा आणि वाचलेल्या पैशात लोकांना जागा मोठी द्या. गोची अशी झाली की अशा घरांचं भाडं क्षेत्रफळावर ठरतं. जागा मोठी म्हणून भाडंही चढं. उद्देश आणि सरकारी तक्ता यांची टक्कर कशी होते हे शिकायचं तर याहून चांगलं उदाहरण नाही. लोक राहतात तिथे, तेव्हा बाहेरून बघा, खिडक्यांत कॅमेरे घालू नका.

जुनाखोड

मी हे गाव पाहिलंय आणि माझं मत उलट आहे. दोन हजार वर्षांच्या मंदिरासमोर काचेची पेटी कशाला? उद्या वेरूळच्या कैलास लेण्यासमोर कोणी पोलादी खांबांचं वाचनालय उभारलं तर आपण टाळ्या वाजवू का? रोमन संग्रहालयाचं तर विचारूच नका. आरेनच्या तोंडासमोर ती लहरती काच म्हणजे लग्नात नवरीपेक्षा करवलीने जास्त नटण्यातला प्रकार.

दगडफोड्या

@जुनाखोड काका, वेरूळ डोंगरात आहे, त्याच्यासमोर मोकळी जमीन आणि आकाश हाच संदर्भ. मेझों कारे पहिल्या दिवसापासून भर गावात, फोरमच्या, म्हणजे रोमन गावाच्या मुख्य चौकात आहे. तिच्यासमोर कायम काहीतरी होतंच. कारे दारच्या जागी एकोणिसाव्या शतकातलं नाट्यगृह होतं, तेही खांबांच्या ओळीचं. ते १९५२ मध्ये जळालं, फक्त दर्शनी खांब उरले आणि तीन दशकं तसेच उभे होते. फॉस्टरचं काम सुरू होताना ते काढले. त्यावर तेव्हा गावात बरीच आरडाओरड झाली होती, म्हणजे तुम्ही एकटे नाही. 😀 ते खांब आता कुठे आहेत माहितीये? कायसार्गजवळ ए-५४ मोटरवेच्या विश्रांतिथांब्यावर. ट्रकवाले त्यांच्या सावलीत डबा खातात.

उंबरठा

रोमन संग्रहालयाबाबत मी काकांच्या अर्ध्या बाजूने. एलिझाबेथ द पोर्झांपार्क यांची ही इमारत २०१८ च्या जूनमध्ये उघडली. बाहेरून जवळपास ७००० काचेच्या पट्ट्या, चुण्या पडलेल्या वस्त्रासारख्या. भर दुपारी ती चकचकते आणि मला तरी आवडली नाही. पण तिच्या पोटातून एक वाट आरपार काढलीये, तिकीट न काढता कोणीही चालत जाऊ शकतं, आणि वाटेत रोमन तटबंदीचे अवशेष जागच्या जागी ठेवलेत. गच्चीवरची बागही फुकट. तिथून खाली पाहिलं की आरेन अख्खं एका नजरेत मावतं. त्यामुळे बाहेरून नाक मुरडून आत जावं असं सुचवेन.

आतलं एकच सांगतो. ग्रीक पुराणातल्या पेंथियस राजाचं मोझेक. २००६-०७ मध्ये जाँ-जोरेस मार्गावर पार्किंगसाठी खणताना सापडलं. उन्मादात गेलेली आई स्वतःच्या मुलाला ओळखत नाही आणि त्याला ठार मारते, तो क्षण मधल्या चौकटीत आहे. श्रीमंताच्या घरातली जमीन ही! याच्यावर पाट टाकून जेवायला बसत असतील, या विचाराने मी बराच वेळ तिथेच होतो. कडेचा वेलबुट्टीचा पट्टा इतक्या बारीक खड्यांचा आहे की वाकून पाहिल्याशिवाय खडे वेगळे दिसत नाहीत.

पाणक्या

पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तुम्ही सगळे खांब आणि काच बघत बसलात, पाण्याचं कोणी बोललंच नाही!

नीमच्या रोमन वैभवाचं मूळ पाण्यात आहे. गावात स्वतःचा झरा होता, त्याच्याच देवतेवरून गावाचं नाव. पण स्नानगृहं, कारंजी, बड्यांची घरं यांना तो पुरेना. म्हणून उझेसजवळच्या झऱ्यावरून पाणी आणायचं ठरलं. सरळ रेषेत अंतर २० किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये टेकड्या. त्यांना वळसे घालत कालवा झाला सुमारे ५० किलोमीटरचा. आणि या पूर्ण लांबीत उतार किती, तर साडेबारा मीटरच्या आसपास! म्हणजे किलोमीटरला सरासरी पंचवीस सेंटिमीटर. आम्ही डंपी लेव्हल आणि थिओडोलाइट घेऊन असा उतार धरताना घाम गाळलाय. त्यांच्याकडे होतं कोरोबेट्स, म्हणजे लांब लाकडी चौकट, त्यात ओळंबे आणि वर पाण्याची पन्हळ.

त्या कालव्याने गार्दों नदी ओलांडायला बांधला तो पाँ दु गार. तीन मजली कमानी, उंची जवळजवळ ४९ मीटर. खालच्या दोन मजल्यांत चुना नाही, नुसते घडीव दगड एकमेकांवर, काही सहा-सहा टनांचे. दर्शनी बाजूला बाहेर आलेले दगडाचे ठोकळे दिसतील. ते मचाण आणि कमानीचा साचा टेकवायला ठेवलेले, पुढे कोणी छाटले नाहीत. मला त्या पुलात सगळ्यात आवडतात ते हेच. काम संपलं, पाणी सुरू झालं, आता कोण छाटत बसतो!

वरच्या पन्हळीत जायचं तर गाइडबरोबरच जाता येतं. जमत असेल तर जाच. आत दोन्ही भिंतींवर चुनखडीचा जाड थर बसलेला आहे. झऱ्याचं पाणी जड, क्षार बसत गेले, देखभाल थांबली आणि पन्हळ आवळत गेली. कालवा बांधण्यापेक्षा साफ ठेवणं कठीण, हे पुढाऱ्यांना कोणत्याच काळात कळलेलं नाही.

पुलाला चिकटून खालच्या मजल्याच्या पातळीला रस्त्याचा पूल आहे, तो १७४३ ते ४७ मध्ये बांधला आंरी पितो यांनी. होय, तेच पितो, ज्यांच्या नळीने आजही विमानाचा वेग मोजतात.

पण माझी खरी शिफारस गावातल्या कास्तेलुमची. किल्ल्याच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला एक गोल दगडी हौद, व्यास साडेपाच मीटरच्या आसपास. ५० किलोमीटरचा प्रवास करून पाणी इथे पोचायचं आणि भिंतीतल्या दहा गोल भोकांमधून शिशाच्या नळांनी गावात वाटलं जायचं. असे हौद फार थोडे उरलेत, दुसरा नावाजलेला पोंपेईत. तिकीट नाही, रांग नाही, बहुतेक लोक न थांबता पुढे जातात. आपल्याकडे औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) नहर ज्यांनी पाहिलीये, त्यांना तिथून पाय निघणार नाही.

चिवडेवाली

पाणक्याकाका, दंडवत! कास्तेलुम यादीत पहिलं.

तगर

जरा अवांतर, पण अगदीच नाही. दगडफोड्या यांनी मगरीचा उल्लेख केला. नीमच्या फरसबंदीत पितळी चकत्या ठोकलेल्या दिसतील, त्यावर ताडाच्या झाडाला साखळीने बांधलेली मगर. दक्षिण फ्रान्समध्ये मगर कुठून? तर रोमन काळात नीममध्ये पाडलेल्या नाण्यावरून. एका बाजूला पाठीला पाठ लावून सेनापती आग्रिप्पा आणि सम्राट ऑगस्टस, दुसऱ्या बाजूला ही मगर. मगर म्हणजे इजिप्त, साखळी म्हणजे रोम. इ.स.पू. ३१ ची अक्टियमची लढाई, अँटनी-क्लिओपात्राचा पराभव.

आता आपला संबंध. इजिप्त हाती आल्यावर तांबड्या समुद्रातली बंदरं रोमच्या ताब्यात गेली आणि मोसमी वाऱ्यांवर भारताकडे येणाऱ्या जहाजांची संख्या वाढली. भडोच, सोपारा, कल्याण इथे माल उतरायचा. ‘पेरिप्लस’ या ग्रीक वाटाड्या-पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत. तेरच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे निघाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ब्राँझचा पोसायडन सापडला, तो तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. ज्या विजयाची फुशारकी नीमच्या मगरीत आहे, त्याच्याच मागून ही दारू आणि मूर्ती सातवाहनांच्या मुलखात आली. तेरचं लामतुरे संग्रहालय पाहून मग नीमला जा, किंवा उलट क्रमाने. मी उलट केलं आणि तेरला जास्त मजा आली.

उंबरठा

@तगर, यासाठी वेगळा धागा काढा. हे प्रतिसादात दडपून ठेवण्यासारखं नाही.

निळाई

सगळं छान, पण आरेनमध्ये आजही बैल मारतात हे कोणी लिहिलं नाही. पेंतकोत या ख्रिस्ती सणाच्या जत्रेला गेले होते, गाव नाचगाण्यात दंग आणि आत रक्त. मला तो आरेन परत बघवणार नाही.

माँपेलिएकर

मी शेजारच्या माँपेलिएत राहते. निळाई, तुझी घालमेल इथल्याही पुष्कळ लोकांची आहे. फ्रेंच कायद्यात प्राण्यांशी क्रूरपणे वागणं गुन्हा आहे, पण जिथे अखंड स्थानिक परंपरा आहे तिथे बैलझुंजीला सूट. २०१२ मध्ये घटना परिषदेने ती कायम ठेवली. २०२२ मध्ये बंदीचं विधेयक संसदेत आलं आणि मागे घेतलं गेलं. बैलगाडा शर्यतीच्या आपल्या वादात जी वाक्यं ऐकली, परंपरा, शेतकऱ्याचं प्रेम, शहरी लोकांना काय कळतंय, ती सगळी मी इथे फ्रेंचमध्ये ऐकलीत. फरक एवढाच की इथे शेवटी बैल मरतो.

पण या भागात ‘कूर्स कामार्गेझ’ हा दुसरा खेळही आहे, तो मात्र आवर्जून बघ. पांढऱ्या कपड्यातली पोरं बैलाच्या शिंगांना बांधलेले गोंडे आकड्याने हिसकायला धावतात, आणि बैल मागे लागला की कठड्यावरून उड्या मारतात. बैल मरत नाही, घरी जातो. पोस्टरवर नावही बैलाचं मोठ्या अक्षरात असतं. नामांकित बैल म्हातारपणी वारला तर त्याला पुरून वर स्मारक उभारल्याची उदाहरणं आहेत.

जत्रा दोन: एक पेंतकोतची, मे-जूनमध्ये, दुसरी सप्टेंबरात द्राक्षतोडणीची. त्या दिवसांत हॉटेलचे दर वाटेल तसे चढतात. नको असेल तर तारखा पाहूनच तिकिटं काढा.

सत्तरीची_सहल

आईबाबांना घेऊन जायचंय, दोघंही सत्तरीच्या पुढे. आईचे गुडघे बोलतात. काय गाळू?

उंबरठा

तूर मान्य गाळा. टेकडीवरचा रोमन मनोरा, आज ३२ मीटर शिल्लक, आत १४० पायऱ्यांचा गोल जिना. १६०१ मध्ये त्राउका नावाच्या एका माळ्याने नोस्ट्राडेमसच्या भाकितावर विसंबून खजिन्यासाठी त्याचं पोट पोखरलं. खजिना नाही मिळाला, मनोरा तेवढा अधू झाला. गोष्ट आईबाबांना खालूनच सांगा.

खालची जार्दां द ला फोंतेन बाग मात्र त्यांच्यासाठीच आहे. १७४५ नंतर मारेशाल या लष्करी इंजिनिअरने जुन्या झऱ्याभोवती कालवे, कठडे, पुतळे असा थाट केला. सपाट, सावली भरपूर, बाकं भरपूर, प्रवेश फुकट. कडेला ‘डायनाचं मंदिर’ नावाची पडकी कमानदार वास्तू आहे. ते मंदिर नव्हतंच असं अभ्यासक म्हणतात, कदाचित वाचनालय. आत सदोदित गारवा.

आरेनच्या खालच्या बोळांतून फेरी मारता येते, वरच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, आईंना तिथे नेऊ नका. आरेन, मेझों कारे आणि मनोरा यांचं एकत्र तिकीट मिळतं, पण तुम्ही सुटंच काढा, मनोऱ्याचे पैसे कशाला? कारे दारमध्ये लिफ्ट आहे. थेट वर न्या, कॉफी पाजा.

माँपेलिएकर

आणि स्टेशनचं लक्षात ठेवा, इथे भारतीय पर्यटक हमखास चकतात. नीमची स्टेशनं दोन. गावातलं ते ‘नीम सांत्र’. दुसरं ‘नीम-पाँ दु गार’, २०१९ च्या डिसेंबरात उघडलं, गावाबाहेर मांदुएलच्या शेतात. नावात पाँ दु गार असलं तरी पूल तिथून बराच लांब आहे, चालत जाण्याचा विचारही करू नका. काही टीजीव्ही फक्त तिथेच थांबतात. तिथे उतरलात तर त्याच इमारतीतून लोकल गाडी गावात आणते, दहाएक मिनिटांत, पण ती दर पाच मिनिटांनी नसते. आईबाबा आणि सामान बरोबर असताना तिकिटावर ‘सांत्र’ लिहिलेलीच गाडी घ्या.

पुलाला जायची बस गावातल्या स्टेशनच्या मागच्या बसस्थानकावरून सुटते. रविवारी आणि हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात, परतीची शेवटची बस आदल्या दिवशीच बघून ठेवा. आईबाबांना उजव्या काठाला उतरवण्यापेक्षा डाव्या काठाला उतरवा, संग्रहालय, स्वच्छतागृह, खाणं सगळं त्या बाजूला आहे आणि पुलापर्यंतची वाट सपाट आहे.

सत्तरीची_सहल

धन्यवाद मंडळी. सप्टेंबरची जत्रा संपल्यानंतरच्या आठवड्यातली ‘सांत्र’ची तिकिटं बघतेय. बाबांनी हा धागा वाचला आणि मनोरा चढणारच म्हणून बसलेत.